सोयाबीनचं कुटार, हरभऱ्याच्या गाठी

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनचं थ्रेशर शेताशेतांतून फिरायला लागतं. एका तोंडातून दाणे पोत्यात पडतात, दुसऱ्यातून कुटार, म्हणजे खोडं-टरफलांचा भुसा, धुऱ्यावर (बांधावर). चार दिवस तो ढीग गुरं हुंगतात, आणि मग एका संध्याकाळी त्याला काडी लागते. वाशीम-हिंगोलीकडच्या रस्त्याने ऑक्टोबरात अंधार पडल्यावर गेलात तर दूरवर लाल ठिपके दिसतील ते हेच. त्याच शेतात, त्याच आठवड्यात हरभरा पेरायची घाई असते. "ओल उडून चालली, आटपा लवकर," असा सगळीकडे धोशा.

म्हणजे ओल उडते म्हणून माणसं धावतायत, आणि ओल धरून ठेवेल अशी वस्तू धुऱ्यावर जळतेय.

दोन वर्षांपूर्वी मी कुटार न जाळता हरभऱ्याच्या तासांमधून (ओळींमधून) पसरत होतो, तेव्हा धुऱ्यावर उभं राहून शेजारच्या काकांनी विचारलं, "भाऊ, कुटार सडते तवा जमिनीतलं नत्र खाते म्हणतात. मग तुहा हरभरा पिवळा पडन का नाही?"

नत्र म्हणजे नायट्रोजन, आणि काकांची माहिती चुकीची नव्हती. गहू किंवा ज्वारी असती तर मी म्हटलं असतं, थोडा तरी पडेल. हरभऱ्याचं गणित मात्र वेगळं आहे. ते समजलं की कुटार कुठे, कधी आणि किती टाकायचं हे बहुतेक आपोआप कळतं.

ओल नेमकी कुठली उडते

पावसाळा संपताना काळ्या जमिनीच्या पोटात पाणी भरपूर असतं. चांगल्या भारी जमिनीत एक मीटर खोलीपर्यंत पिकाला उचलता येईल असं साधारण २०० मिलिमीटर पाणी मावतं. कोरडवाहू हरभरा जवळजवळ या शिदोरीवरच वाढतो. वरून एखादी सर आली तर आली.

आता ऑक्टोबरचं ऊन धरा. ओल्या, उघड्या जमिनीवरून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज उडतं. एकरावरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. म्हणजे रोजचे १६ ते २० हजार लिटर, दहा हजारी टँकरचे दीड-दोन टँकर, कुठल्याही रोपाच्या मुळाला न शिवता हवेत. हा वेग कायम राहत नाही. वरचा थर वाळला की तोच झाकणासारखा बसतो आणि खालचं पाणी हळू उडायला लागतं. पण काळी माती वाळताना आक्रसते, भेगा पडतात, आणि त्या भेगांच्या बाजूंनी खालची ओलही उघडी पडते.

डवरणीचं (कोळपणीचं) शहाणपण इथेच आहे. "दोन डवरे म्हणजे एक पाणी" असं जुनी माणसं म्हणतात ते तण निघतं एवढ्यापुरतं नाही. डवऱ्याने वरची दोन बोटं माती भुसभुशीत झाली की वातीतून तेल चढावं तसं खालून वर चढणारं पाणी त्या थराशी अडतं, भेगा बुजतात. हे मातीनेच मातीला घातलेलं पांघरूण झालं. आच्छादन म्हणजे फार नवं काही आहे असं समजू नका.

मग डवरणी असताना कुटार कशाला? कारण डवरणीत खालचं पाणी वाचतं, पण वरची दोन-तीन बोटं माती वाळूनच जाते. हरभऱ्याच्या झाडाला त्याचं फारसं दुःख नाही, त्याचं सोटमूळ मीटरभर खाली जाऊन पाणी पितं. अडचण आहे ती गाठींची, म्हणजे मुळांवरच्या ज्या दाण्यांत जिवाणू हवेतलं नत्र पिकासाठी पकडतात त्यांची. त्या बहुतेक वरच्या वीतभर मातीत असतात. झाड हिरवं दिसतं, खालून पाणी ओढत असतं, आणि वर गाठी कोरड्या पडून काम थांबवून बसलेल्या असतात. कुटार नेमका हाच वरचा थर सांभाळतं. ऊन थेट मातीवर पडत नाही, वारा मातीला लागत नाही, आणि कुटाराखालची हवा दमट राहते. ऑक्टोबरच्या दुपारी उघड्या काळ्या मातीवर तळवा टेकवून बघा आणि मग शेजारच्या कुटाराखाली बोटं सरकवा. पहिल्या ठिकाणी हात आपोआप उचलला जातो.

शहरात गच्चीवर घेवडा-वाल लावणाऱ्यांना हे घरीच बघता येईल. दोन सारख्या कुंड्यांत सारखीच माती भरा, मोजून सारखंच पाणी घाला. एकीवर दोन-तीन बोटं वाळका पाला घाला, दुसरी उघडी ठेवा. रोज संध्याकाळी काट्यावर वजन करा. जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे मिलिलिटर पाणी उडालं. आठवडाभरात फरक डोळ्यांना दिसतो, वेगळं सांगावं लागत नाही.

गाठीच्या आत काय चाललंय

पेरणीनंतर महिन्याभराने हरभऱ्याचं एक झाड बळी द्यायला हरकत नाही. उपटू नका. उपटलं की गाठी मातीतच तुटून राहतात, आणि मग "आमच्या शेतात गाठीच धरत नाहीत" असं वाटतं. खुरप्याने वीतभर खोल मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीतल्या पाण्यात दहा मिनिटं भिजू द्या, माती हळूच सुटू द्या. मुळांना चिकटलेले दाणे दिसतील, काही सुटे, काही एकमेकांना चिकटून बोटांच्या पेरांसारखे. त्यातला एक अंगठ्याच्या नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला तर गाठ कामावर आहे. पांढरी असेल तर एकतर कोवळी, नाहीतर नुसती जागा अडवून बसलेली. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिची नोकरी संपली.

तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे, आणि कामही तसंच, प्राणवायू सांभाळून पोचवायचं. गाठीतल्या जिवाणूंची ही विचित्र कोंडी आहे. हवेतलं नत्र फोडायला प्रचंड शक्ती लागते, त्यासाठी श्वास घ्यायला प्राणवायू हवा. पण नत्र फोडणारं जे विकर (एन्झाइम) आहे, ते मोकळ्या प्राणवायूने निकामी होतं. म्हणून हा लाल पदार्थ प्राणवायू मोजून मोजून देतो. माती पाण्याने तुंबली तर गाठीला हवाच मिळत नाही, कोरडी ठाक झाली तर गाठीची सालच हवा आत येऊ देत नाही. दोन्हीकडून काम बंद. गाठीला माती हवी ती वाफशाची, ना चिखल ना धूळ.

कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींचा आणि नत्राचा संबंध १८८६ मध्ये जर्मनीत हर्मान हेलरीगेल यांनी जगापुढे मांडला आणि दोन वर्षांत नेदरलँड्समधल्या बायरिंक यांनी गाठींमधले जिवाणू वेगळे काढून दाखवले. त्यानंतर कळत गेलं की प्रत्येक पिकाचं आपलं बिऱ्हाड वेगळं. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळात शिरत नाही. त्यामुळे "गेल्या हंगामात सोयाबीनला रायझोबियम (म्हणजे हेच गाठींचे जिवाणू) लावलं होतं, ते आहेच की जमिनीत" हा हिशेब लागू पडत नाही. हरभऱ्याला जिवाणूंचं पाकीट हरभऱ्याचंच आणावं लागतं, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक. आधी बुरशीनाशक, मग जिवाणू, मग सावलीत सुकवून पेरणी.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर

कुटार कुजवणारे जिवाणू आणि बुरश्या यांना शरीर बांधायला कर्ब (कार्बन) लागतं, तसं नत्रही लागतं. ढोबळमानाने २५ भाग कर्बामागे १ भाग नत्र. गव्हाच्या काडात हे प्रमाण ८० ला १ च्या घरात, उसाच्या पाचटात १०० च्या आसपास. सोयाबीनची पानं कापणीआधीच गळून पडलेली असतात, त्यामुळे कुटारात खोडं आणि शेंगांची टरफलंच जास्त. ते गव्हाच्या काडापेक्षा बरं, तरी २५ च्या वरच. म्हणजे जेवणात भाकरी ढीगभर आणि डाळ पळीभर. डाळ कमी पडली की हे कुजवणारे मातीतल्या नत्रावर हात मारतात. काका म्हणाले ते हेच.

पण त्यांचा हात पोचतो कुठवर? कुटार मातीवर पसरलेलं असेल तर जिथे ते मातीला टेकतं त्या पातळ थरापुरताच. तेच कुटार रोटाव्हेटरने मातीत कालवलं तर प्रत्येक काडी चारी बाजूंनी मातीला भिडते, कुजणं जोरात होतं आणि नत्राची ओढाताणही जोरात. पेरणीच्या तोंडावर कुटार रोटाव्हेटरने गाडणाऱ्यांना पिवळेपणाचा अनुभव येतो तो यामुळे. त्यात आच्छादनाचा दोष नाही, ते कालवण झालं.

आता मजेचा भाग. कडधान्याचं रोप हिशेबी असतं. गाठी पोसायला ते स्वतःची साखर मोजतं, आणि हा खर्च लहान नसतो. मातीत तयार नत्र आयतं मिळत असेल तर रोप गाठींवर खर्च करत नाही. गाठी कमी धरतात, धरलेल्या सुस्तावतात. हरभऱ्याला युरिया फेकणाऱ्याचं पीक पहिले पंधरा दिवस काळंभोर दिसतं आणि मग नुसतं माजतं. काडीकचरा कुजताना वरच्या थरातलं तयार नत्र थोडं आवळून धरतो, तेव्हा गहू उपाशी राहतो, पण हरभरा आपल्या गाठींकडे वळतो. ज्या गोष्टीची भीती, ती या एका कुळाच्या पिकांना उलट कामावर लावते.

एक फट मात्र आहे. गाठी कामाला लागेपर्यंत तीन-एक आठवडे जातात. त्या काळात रोप बियाण्यातल्या शिदोरीवर आणि मातीतल्या नत्रावर असतं. तेवढ्यासाठीच शिफारशीत हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) असतं. एकरी हिशेब केला तर डीएपी खताच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद, म्हणजे जवळपास काम भागलं. ते पेरतानाच तिफणीने बियाण्याच्या खाली पडलं पाहिजे. कुटारावरून फेकलेलं खत आधी कुजवणाऱ्यांच्या ताटात जातं.

कुटार पुरतं किती

सल्ले देणारे "हेक्टरी पाच टन आच्छादन करा" म्हणून मोकळे होतात. पाच टन म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो, एकराला दोन टन. आता आपला ढीग मोजू. एकरी आठ क्विंटल सोयाबीन झालं असेल तर कुटार साधारण तेवढंच, फार तर थोडं वर. म्हणजे आठ-दहा क्विंटल. सरळ अर्थ असा की एकराचं कुटार अर्ध्याच एकराला नीट पुरतं. त्यातलं गुरांना किती जाणार ते वेगळं. ज्याच्या दावणीला चार जनावरं आहेत त्याला "कुटार शेतात टाक" म्हणून सांगणं सोपं आहे, ऐकणं नाही. त्याने टाकू नये, जनावरांना घालावं आणि शेणखत शेतात आणावं. हा लेख धुऱ्यावर जाळणाऱ्यांसाठी आहे.

सगळीकडे पातळ भुरभुरवण्यापेक्षा थोड्याच जागेत पुरेसं टाकलेलं बरं. माती दिसत राहील इतकं विरळ कुटार म्हणजे फाटकी गोधडी. माझा अनुभव असा की शेताचा उताराकडचा, मुरमाड, आधी सुकणारा तुकडा निवडावा. भारी, खोल जमिनीतल्या हरभऱ्याला तसंही पुष्कळ पुरतं.

खरा फायदा मला तुरीत दिसला. आपल्याकडे सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचं तास असतंच. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, तूर उभी राहते आणि मधला पट्टा उघडाबोडका पडतो. तूर तर आत्ता कुठे फुलावर येणार असते, शेंगा भरायच्या असतात, आणि पाऊस परतलेला असतो. त्या पट्ट्यात तेच कुटार दोन्ही तासांच्या कडेने पसरलं तर वाहून नेण्याचा खर्च जवळजवळ नाही आणि गरज सगळ्यात जास्त. शिवाय तूर स्वतःही पानं गाळत असते. डिसेंबरात तुरीखाली पिवळ्या पानांचा सडा पडतो, ते तिचं स्वतःचं पांघरूण. त्यात नत्र चांगलं असल्यामुळे ते कुटारालाही कुजायला मदत करतं.

कुटार कमी पडलं तर धुऱ्यावरचा तरोटा (टाकळा) फुलायच्या आत कापून वापरता येतो. गंमत म्हणजे तरोटा कडधान्यांच्याच कुळातला, पण गाठी धरत नाही, म्हणजे आडनाव तेच आणि धंदा वेगळा. गिरिपुष्पाच्या फांद्याही चालतात. हिरवा पाला महिन्याभरात विरघळून जातो, त्यामुळे त्याच्यावर कुटाराचा थर दिला तर दोन्ही टिकतात. पऱ्हाटीचे आणि तुऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या खोडांचे, तुकडे मात्र बारीक केल्याशिवाय टाकू नका. मोठ्या काड्यांत वाळवी येते आणि डवरा अडकतो.

कुठे फसतं

पेरल्या-पेरल्या जाड थर टाकला तर उगवण मार खाते. हरभरा आणि तूर यांची दलं जमिनीतच राहतात, वर येतो तो नुसता बारीक कोंब, तो विरळ कुटारातून वाट काढतो. सोयाबीन, मूग आणि उडीद मात्र दोन जाड दलं डोक्यावर घेऊन वर येतात, ती काड्यांत अडकून मान मोडते. म्हणून उगवण झाल्यावर, रोप बोटभर झालं की तासांच्या मधे टाकायचं. हरभऱ्याची तासं ३० सेंटीमीटरवर, त्यामुळे काम कंटाळवाणं आहे हे मान्य. टोपलं कमरेला धरून एक माणूस दिवसात फार नाही सरकत.

खोडाला कुटार भिडू देऊ नका, दोन बोटं जागा सोडा. मानकुजव्याची बुरशी न कुजलेल्या काडीकचऱ्यावरच वाढते आणि दमट-उबदार दिवसांत तिथून रोपाच्या मानेत शिरते. ऑक्टोबर गरम आणि मातीत ओल जास्त असेल तर आठ-दहा दिवस थांबलेलं बरं. पुढे फुलोऱ्यात कोरडी मूळकूज येते तिची गोष्ट उलटी. ती कोरड्या, तापलेल्या मातीत जोर धरते, तिथे आच्छादन मदतीला येतं. म्हणजे एकाच पिकात एका रोगाला पांघरूण आवडतं, दुसऱ्याला नाही. ज्या तुकड्यात मर रोग पडला होता तिथला हरभऱ्याचा भुसा तर परत हरभऱ्यावर कधीच टाकू नका.

रोपं कुरतडणारी अळी दिवसा ढेकळाखाली, कचऱ्याखाली लपते. सकाळी रोप आडवं पडलेलं दिसलं तर आजूबाजूचं कुटार उचलून बघा, गुंडाळी करून बसलेली सापडते. त्याच कुटारात कोळीही असतात आणि ते आपल्या बाजूचे आहेत.

खरिपात मात्र मी कोवळ्या सोयाबीनमध्ये आच्छादन करायला सांगणार नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली होती. त्या पकडायला काय करतात आठवा. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं शेतात अंथरायचं, सकाळी उलटायचं, खाली गोगलगायींचा खच. म्हणजे ओलं पोतं हे त्यांचं आवडतं घर. ओलं कुटार म्हणजे शेतभर अंथरलेली पोतीच. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या जमिनीची तक्रार पाणी जास्त झाल्याची असते. तेव्हा झाकून ठेवलं तर वाफसा आणखी उशिरा येतो आणि गाठी गुदमरतात.

प्लास्टिकच्या कागदाचं सांगायचं तर कडधान्य-शेंगवर्गीयांत त्याची खरी जागा उन्हाळी भुईमुगात. कोकणात भातानंतर गादीवाफ्यावर ७ मायक्रॉनचा पारदर्शक कागद अंथरून भुईमूग घेतात. थंडीत पेरलेल्या बियाण्याला खाली ऊब मिळते, उगवण लवकर होते. कागद इतका पातळ का? तर भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलानंतर खाली येणाऱ्या दांड्या, त्याला भोक पाडून मातीत शिरायला हव्यात. जाड कागद घेतला की आऱ्या वरच लोंबकळतात आणि शेंगा धरत नाहीत. पीक काढल्यावर त्या कागदाच्या चिंध्या वेचणं हे वेगळंच काम. हरभऱ्याच्या दाट तासांत मला तो खटाटोप परवडणारा वाटत नाही.

काकांनी त्या वर्षी काही केलं नाही. गेल्या वर्षी मात्र त्यांनी तुरीच्या चार तासांमध्ये कुटार पसरलं आणि उरलेलं नेहमीप्रमाणे जाळलं. जानेवारीत तूर कापताना मी गेलो होतो. कुटार निम्म्याहून कमी उरलं होतं, काळपट आणि मऊ झालेलं. खालची माती बोटांनी उकरली तर भेग नव्हती. काका म्हणाले, "तुरीचं मला काय सांगता नाही येत, पन डवऱ्याचा एक फेरा वाचला." मग विचारलं, बुडखे (कापल्यावर उरलेली खुंटं) उपटायचे की ठेवायचे. मी म्हटलं ठेवा, मुळं आतच सडू द्या. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांच्या सगुणा पद्धतीत भाताची मुळं अशीच जमिनीत ठेवून त्याच गादीवर वाल-हरभरा घेतात, तेही सांगितलं. काकांनी बुडख्याकडे बघितलं, पायाने हलवून पाहिलं आणि म्हणाले, "पायात घुसन ना भाऊ." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी विळा जरा तिरपा न धरता जमिनीलगत आडवा धरून पुढची तासं कापायला घेतली.